डाव आधी रणात की आधी मातीत?

गेल्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहून गेलो होतो की कुस्तीचे बरेच डाव हे लढाईतल्या झटापटीतून आलेत. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. पाच प्रश्न घेतलेत, बाकीच्यांची उत्तरं त्यातच मिळतील बहुतेक.

प्रश्न : माझा नातू तालमीत जातो. तिथले वस्ताद पोरांना सांगतात की कुस्तीचा एकूण एक डाव हा पूर्वी सैनिकांना शिकवायचे, नंतर त्याचा खेळ झाला. तुम्हीही तेच लिहिलंत. पण मला हे पटत नाही, गावात पोरं तर अशीच एकमेकांना धरून पाडत असतात, त्यांना कोणत्या सैन्याने शिकवलं?
— एक आजोबा, वाळवा तालुका

काका, तुमचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि माझं गेल्या वेळचं वाक्य जरा जास्तच सरसकट झालं होतं, ते आज दुरुस्त करतो. दोन पोरं एकमेकांना धरून पाडतात हे माणूस आहे तेव्हापासून चालू आहे, त्याला सैन्य लागत नाही. सैन्याने काय केलं तर यातलं आपल्या कामाचं उचललं, ते घोटून घेतलं, आणि तयार झालेला माणूस परत गावात आला की तेच पुन्हा मातीत उतरलं. म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी आहे. एकच एक उगम शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही.

पण लढाई आणि कुस्ती शेजारी शेजारी होत्या याचा पुरावा मात्र भक्कम आहे. इजिप्तमध्ये नाईलच्या काठावर बेनी हसन म्हणून जागा आहे, तिथे डोंगरात खोदलेल्या थडग्यांमध्ये जवळजवळ 4000 वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. त्यातल्या बाकेत नावाच्या सरदाराच्या थडग्यात एका भिंतीवर कुस्तीच्या दोनशेहून जास्त जोड्या काढल्यात, ओळीने, आणि एक पैलवान गडद रंगाचा तर दुसरा फिकट, का तर कुणाचा हात कुठे अडकलाय आणि कुणाचा पाय कुठे गेलाय ते नीट कळावं म्हणून. पट, म्हणजे खाली बुडून पाय कवेत घेऊन पाडणं, काढलेला आहे, कमरेला मिठी आहे, उचलून उलटा केलेला आहे, आपल्या तालमीतल्या पोराला दाखवलं तर तो धडाधड नावं सांगेल. आणि त्याच भिंतीवर, या जोड्यांच्या खाली, सैनिक एका किल्ल्यावर चाल करून जातायत, धनुष्यं आहेत, भाले आहेत. चित्रकाराने वर कुस्ती आणि खाली लढाई अशी एकाच भिंतीवर काढली, याचा अर्थ त्याच्या मालकाच्या डोक्यात या दोन गोष्टी लांब नव्हत्या.

ग्रीकांकडे तर यावर चक्क वाद झालेला आहे आणि मला तो फार आवडतो. प्लेटोने उतारवयात आदर्श राज्याचे कायदे कसे असावेत यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तो कुस्तीबद्दल सांगतो की उभ्याने करायची कुस्ती, म्हणजे मान सोडवणं, हात सोडवणं, कुशी सोडवणं, ही पोरांना जरूर शिकवा कारण ती युद्धात उपयोगी आहे, पण काही नामांकित मल्लांनी नुसत्या चढाओढीपायी जे डावपेच काढलेत ते लढाईत काही कामाचे नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका. तेवीसशे वर्षांपूर्वी हा माणूस सांगतोय की खेळातले सगळे डाव रणातले नाहीत! तिकडे प्लुटार्क नावाचा ग्रीक चरित्रकार लिहितो की इ.स.पू. 371 मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्जच्या लोकांनी स्पार्टनांना हरवलं त्यात थीब्जवाल्यांच्या कुस्तीच्या सरावाचा हात होता. आणि तोच प्लुटार्क दुसऱ्या एका सेनापतीची गोष्ट सांगतो, फिलोपोमेन त्याचं नाव. तरुणपणी त्याचं शरीर बघून लोक म्हणाले तू कुस्ती कर, तर त्याने विचारलं की याने मी चांगला सैनिक होईन का? उत्तर आलं की नाही, पैलवानाला झोप ठरलेली लागते, खुराक ठरलेला लागतो, वेळ जरा इकडेतिकडे झाली की बिघडतं, आणि सैनिकाला तर उपाशी राहणं, जागणं, वाट्टेल ते सोसणं जमलं पाहिजे. तेव्हा त्याने कुस्तीचा नादच सोडला आणि पुढे सेनापती झाल्यावर आपल्या सैन्यातही तिला थारा दिला नाही. तर काका, तुमच्यासारखी शंका काढणारे तेव्हाही होते.

प्रश्न : हातात तलवार, भाला असताना कुस्ती कशाला लागेल? मी ज्युदो शिकतो, आमचे सर म्हणतात हे सामुराईंकडून आलंय. पण सामुराई तर तलवारीने लढायचे ना?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

हा प्रश्न सगळ्यात कळीचा, म्हणून इथे जरा बैठक मारून सांगतो.

सिनेमात दोन योद्धे हातभर अंतर ठेवून तलवारी आपटत राहतात, खऱ्या लढाईत ते अंतर टिकत नाही. गर्दी असते, मागून रेटा असतो, भाला मोडतो, तलवार ढालीत अडकते, आणि बघता बघता समोरचा छातीला छाती लावून उभा असतो, तिथे लांब तलवार फिरवायला जागाच नाही. त्यात अंगावर चिलखत असेल तर तलवारीचा वार घसरून जातो. मग एकच मार्ग उरतो, त्याला धरायचा, पाडायचा, आणि चिलखताला जिथे फट आहे तिथे, काखेत, गळ्याशी, तोंडावरच्या जाळीत, आखूड हत्यार घालायचं. ही कुस्तीची रणातली जागा. इटलीत फिओरे देई लिबेरी नावाचा एक तलवारबाजीचा उस्ताद होऊन गेला, त्याने 1410 च्या सुमारास सचित्र पोथी केली, त्यात खंजीर आहे, तलवार आहे, भाला आहे, घोड्यावरची लढाई आहे, पण पहिलाच धडा कुस्तीचा. आणि तिथेच तो सांगून टाकतो की कुस्ती दोन तऱ्हेची, एक मौजेची आणि दुसरी रागाची, जिवावरची, आणि या दुसरीत फसवणूक, क्रूरपणा सगळं चालतं.

जपानचं तुझे सर सांगतात ते बरोबर आहे. सामुराई आधी धनुष्य, भाला, मग तलवार, आणि शेवटी चिलखतासकट एकमेकांना भिडायचे, त्याला कुमिउची म्हणतात. 1532 मध्ये सुरू झालेली ताकेनोउची घराण्याची शाळा ही जुजुत्सूच्या, म्हणजे जपानच्या जुन्या झटापटीच्या विद्येच्या, सगळ्यात जुन्या शाळांपैकी, आणि तिचा मूळ अभ्यास हा आखूड कट्यार हातात घेऊन करायच्या झटापटीचा आहे. पुढे 1882 मध्ये जिगोरो कानो यांनी टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांवर ज्युदो सुरू केलं, तेव्हा जे डाव जिवावर बेतू शकतात, ठोसे-लाथा, काही सांधे मोडणारे प्रकार, ते त्यांनी खुल्या लढतीतून बाजूला काढले आणि ठरवून करायच्या कातामध्ये जपून ठेवले. त्यामुळे पोरं रोज पूर्ण जोर लावून लढू शकायला लागली. मला यातलं कानोंचं शहाणपण फार मोठं वाटतं, कारण जो डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने करताच येत नाही तो शेवटी नुसता तोंडपाठ राहतो.

आता आपल्या घरचं उदाहरण, 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा. सभासद बखरीत जे वर्णन आहे ते एकदा पैलवानाच्या नजरेने वाच. खान भेटीला मिठी मारतो आणि महाराजांची मुंडी कवटाळून खाकेत दाबतो, म्हणजे पहिली हालचाल हत्याराची नाहीच, पकडीची आहे. मान दाबून ठेवली की मग दुसऱ्या हाताने कुशीत वार, तो आतल्या चिलखतामुळे फुकट गेला. आणि महाराजांनी काय केलं, तर इतक्या जवळून चालणारी हत्यारं, वाघनख आणि बिचवा, ती चालवली आणि मुंडी हिसकून बाहेर काढली. भल्यामोठ्या ताकदीच्या माणसाच्या खाकेत मान सापडली असताना ती काढून घेणं हे ज्याने कधी अंगाला माती लावली असेल त्याला विचार किती अवघड आहे ते. वर प्लेटो काय म्हणाला होता, मान सोडवणं, हात सोडवणं, कुशी सोडवणं. तिन्ही गोष्टी त्या शामियान्यात काही क्षणांत घडून गेल्या.

आणि एक माझी स्वतःची आठवण सांगतो. आमच्या वस्तादांनी एकदा पावसाळ्यात, बाहेर धो धो पाऊस आणि हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, आम्ही सहा-सात पोरं, माझ्या जोडीदाराच्या हातात चुलीतला कोळशाचा तुकडा दिला आणि म्हणाले ही कट्यार समज, आता तू याला पाड. मी तेव्हा दुहेरी पटात तयार होतो, खडाखडी, म्हणजे सुरुवातीची उभ्याची झटापट, झाली, खाली बुडालो, दोन्ही मांड्या कवेत घेतल्या आणि दाणदिशी मारला त्याला. सगळे वा वा करतायत. वस्ताद म्हणाले, उठ आणि पाठ दाखव. लाल मातीने माखलेल्या पाठीवर तीन काळे पट्टे आणि एक मानेवर! म्हणजे मी त्याला पाडेपर्यंत त्याने मला चार वेळा मारलं होतं. मग त्यांनी दाखवलं की आधी हत्याराच्या हाताचं मनगट, ते दोन्ही हातांनी छातीशी घट्ट, मग खांद्याने रेटा, मग आतली टांग, म्हणजे त्याच्या पायाला आतून आपला पाय अडकवणं, आणि तो पडला तरी मनगट सोडायचं नाही, आपण उभं राहायचं. पट हा कुस्तीतला राजा डाव, पण कट्यार आली की त्याची किंमत बदलते, आणि जी आतली टांग आम्ही फारशी करत नव्हतो तिची किंमत एकदम वाढते. कुठला डाव रणातला आणि कुठला खेळातला हे ओळखायची माझ्याकडे आजही तीच कसोटी आहे, समोरच्याच्या हातात काहीतरी आहे असं धरून बघायचं. आणि जमिनीवर बराच वेळ चालणारं काम, घिस्सा, भारंदाज असे डाव, समोरच्याला पालथा ठेवून तासत राहणं, ही मातीत फुललेली कला आहे असं माझं मत आहे, रणात इतका वेळ खाली थांबायला देतो कोण, त्याचा साथीदार मागून येतोच.

प्रश्न : भारतातल्या जुन्या ग्रंथांत याबद्दल काय सापडतं? सगळी उदाहरणं बाहेरचीच असतात.
— एक वाचक ताई, बडोदा

ताई, आपल्याकडे भरपूर आहे, फक्त ते एका जागी नाही. महाभारतात बाहुयुद्ध, नियुद्ध हे शब्द आहेत, भीम आणि जरासंधाची लढत सगळ्यांना माहितीच आहे, ते तर सरळ जीव घेणारं युद्ध, खेळ नव्हे. नंतर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला, त्यात मल्लविनोद म्हणून वेगळा भागच आहे, मल्लांचे दर्जे, त्यांचा आहार, त्यांचा व्यायाम, आणि खांबावरचा व्यायामही, म्हणजे आपल्या मल्लखांबाची जुनी नोंद. पण शब्द बघा, विनोद, म्हणजे राजाची करमणूक. तोपर्यंत दरबारी कुस्ती हा बघायचा खेळ झालेला होता.

तुमच्या गुजरातचंच सांगायचं तर मोढेऱ्याचे ज्येष्ठीमल्ल, जेठी, हा ब्राह्मण मल्लांचा समाज, त्यांचं मल्लपुराण आहे. याच लोकांच्या शाखा दक्षिणेत गेल्या, आणि म्हैसूरच्या दसऱ्यात विजयादशमीला राजवाड्यात आजही जेट्टींची वज्रमुष्टी होते. डोकं तासलेलं, फक्त शेंडी, आणि मुठीत बोटांवर चढवलेलं दातेरी हत्यार. समोरच्याच्या डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की लढत संपली, बऱ्याचदा काही सेकंदातच. ही वज्रमुष्टी मला फार महत्त्वाची वाटते, कारण पकड आणि हत्यार एकत्र शिकवायची जी पद्धत बाकी सगळीकडे खेळ होताना गळून पडली तिचा एक तुकडा तिथे अजून जिवंत आहे.

आणि विजयनगरचं एक चित्र. डोमिंगो पाएस नावाचा पोर्तुगीज 1520 च्या सुमारास हंपीत होता, त्याने कृष्णदेवरायाची सकाळ लिहून ठेवलीय. उजाडायच्या आधी उठून राजा तिळाचं तेल पितो, अंगालाही तेच तेल, कमरेला छोटं वस्त्र, मग जड वजनं उचलतो, मग तलवार घेऊन तेल घामावाटे निघून जाईपर्यंत फिरवतो, मग आपल्या एका मल्लाशी कुस्ती, आणि मग घोड्यावर बसून उजाडेपर्यंत दौड. वजन, तलवार, कुस्ती, घोडा. कुस्ती कुठे बसलीय बघा, तलवार आणि घोड्याच्या मधोमध. कुस्ती लढाईच्या तयारीचा भाग होती हे यापेक्षा सोप्या शब्दात मला सांगता येणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत पोरं लेझीम खेळतात. तिचा आणि तालमीचा काही संबंध आहे का?
— एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

आहे सर, आणि थेट आहे. लेझम हा फारसी शब्द, सरावाचं धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावून ते डोक्यावरून इकडून तिकडे ओढायचं, त्याने तिरंदाजाचे खांदे आणि पाठ तयार व्हायची. इराणच्या झूरखान्यात, म्हणजे त्यांच्या तालमीत, हेच साखळीचं जड लोखंडी धनुष्य आजही फिरवतात, त्याला तिकडे कब्बादे म्हणतात, शिवाय लाकडी मुद्गल जे गदेसारखे आणि मोठाल्या फळ्या ज्या ढालीसारख्या, आणि हे सगळं झालं की कुस्ती. आपल्याकडेही गदा आणि करेला, जोडी अशी मुद्गलं हे तालमीत भिंतीला टेकून उभं असतंच. पैलवान हा शब्द फारसीत वीर, योद्धा या अर्थाचा आहे, तालीम म्हणजे शिक्षण आणि वस्ताद म्हणजे उस्ताद. जुन्या तालमींतून लाठी, पट्टा, बोथाटी (सरावाचा बोथट भाला) हे कुस्तीबरोबरच शिकवायचे, कुस्ती वेगळी काढली ती नंतर. पोरांना लेझीम देताना एकदा सांगा की हे धनुष्य आहे, त्यांचा हात वेगळा उठेल.

प्रश्न : माझी मुलगी कुस्ती करते आणि आर्मीच्या भरतीची तयारी करतेय. घरचे म्हणतात आता ड्रोन आणि मिसाईलचा जमाना आहे, कुस्तीचा काय उपयोग. खरंच आता सैन्यात याला काही अर्थ उरलाय का?
— एक आई, सातारा

ताई, मुलीला कुस्ती सोडायला लावू नका, हे आधी सांगतो.

अमेरिकेचं सैन्य म्हणजे हत्यारांत सगळ्यांच्या पुढे, त्यांच्याकडे 1995 मध्ये रेंजर्सच्या, म्हणजे निवडक पायदळाच्या, एका बटालियनने हातघाईचं प्रशिक्षण नव्याने बसवायला घेतलं. मॅट लार्सन नावाचा सार्जंट त्यात पुढे होता. जुन्या मॅन्युअलमधले जीवघेणे फटके सैनिक सरावात कधी खरे मारूच शकत नव्हते, म्हणून ते अंगात मुरतच नव्हते. मग त्यांनी ब्राझिलियन जुजुत्सू उचललं, कारण ते रोज पूर्ण जोराने करता येतं. आता हे ब्राझीलमध्ये कुठून आलं तर कानोंच्या ज्युदोतला एक पठ्ठ्या, मित्सुयो माएदा, 1914 मध्ये तिकडे गेला आणि त्याच्याकडून ग्रेसी घराण्याकडे गेलं. म्हणजे सामुराईच्या रणातून निघालेली विद्या चटईवर आली, खेळ झाली, अर्धी पृथ्वी फिरली आणि परत सैन्याच्या बराकीत गेली. वर वाळव्याच्या काकांना जी ये-जा म्हटलं ती हीच. इस्रायलच्या सैन्यातल्या क्राव मागा या हातघाईच्या पद्धतीचं पण तसंच, ते बसवणारे इमी लिख्टेनफेल्ड मूळचे कुस्तीगीर, आणि त्यांचे वडीलही.

आपल्या जवळचं म्हणाल तर लडाखमधलं गलवान खोरं. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं भारत आणि चीनमध्ये 1996 च्या करारात ठरलं होतं, आणि जून 2020 मध्ये त्याच दऱ्यांत रात्रीच्या अंधारात, थंडीत, दगड, दांडे आणि हातांनी लढाई झाली, आपले 20 जवान गेले. तिथे ड्रोन नव्हतं, मिसाईल नव्हतं, पायाखाली उतार होता आणि समोर माणूस होता. हे लिहिताना हात जड होतो, पण घरच्यांना हे सांगावंच लागेल.

फक्त एक गोष्ट. मॅटवरची कुस्ती आणि सैनिकाची झटापट यात जो फरक आहे तो मुलीला आत्तापासून कळू दे. मॅटवर पॉइंट मिळतो म्हणून ती खाली बसायला शिकलेली असेल, गुडघ्यावर जाऊन पट काढणं तिला हाताचा मळ असेल, ते असू दे, स्पर्धेसाठी तेच लागतं. पण आठवड्यातून एक दिवस, सराव संपल्यावर, वस्तादांच्या देखरेखीखाली जोडीदाराच्या हातात कोळशाचा तुकडा द्या, अंगात जुना पांढरा शर्ट घालू द्या, आणि दहा दहा सेकंदांच्या झटापटी करू द्या. दर वेळी शर्ट बघायचा. पहिल्या महिन्यात तो पार काळा होईल, त्याने खचू नका. आधी मनगट, मग तोल, मग पाय, आणि पडली तर लगेच उभी, एवढंच बघा. भरतीच्या मैदानात तर धावणंच जास्त लागतं, त्यामुळे रनिंग रोजचं रोज चालू ठेवा, आणि दुधाचा खुराक रात्री उशिरा नको, संध्याकाळी सराव झाल्यावर तासाभरात द्या.